पैसे परत, पण कुणाला?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात नवी मुंबईतील एका पालकांचे पत्र वाचले. भाडोत्री मारेकऱ्यांचा संघ, त्या संघाचे कडक दंडक, मारेकऱ्यांनी प्राणापलीकडे जपलेला शब्द आणि त्यांची इभ्रत यांवर रचलेल्या कथा, मालिका व खेळ किशोरवयीन मुलांच्या हाती पडू नयेत आणि वाचनालयांनी अशी पुस्तके वेगळ्या कपाटात ठेवावीत, अशी त्यांची मागणी आहे. खुनी माणूस शब्दाचा पक्का दाखवला की मुलांच्या लेखी शब्द मोठा होतो आणि खून लहान होतो, ही त्यांची भीती मला खरी वाटते. एकतीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे मुलांना कशाची भुरळ पडते हे मला थोडेफार ठाऊक आहे. तरीही त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही. कपाटाला कुलूप लावल्याने ती नियमावली कोणी तपासणार नाही, आणि तपासली नाही तर तिची भुरळ उतरणारही नाही. हे मी अनुभवावरून लिहीत आहे, कारण यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अशीच एक नियमावली माझ्या डोळ्यांदेखत तयार झाली आणि माझ्या डोळ्यांदेखतच कोसळली.

नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीची आठ मुले वाचायला जमतात. एप्रिलमध्ये त्यांनी सर्वांनी मिळून एक दीर्घकथा लिहिण्याचे ठरवले. विषय त्यांनीच निवडला: जुन्या काळच्या एका कल्पित ठाण्यात मारेकऱ्यांची एक पेढी आहे. तिचे कार्यालय ठाण्याच्या किल्ल्यात, मासुंदा तलावाच्या काठावर पेढीची माणसे गिऱ्हाइकांना भेटणार, आणि कौपिनेश्वराच्या आवारात कोणी कोणावर हात उगारायचा नाही. पेढीत उमेदवारी करावी लागते, परीक्षा होते, शपथ घेतली जाते. मी विरोध केला नाही. मला थोडी धास्ती वाटली हे मात्र मान्य करते.

नियम लिहायला त्यांनी बँकेच्या जुन्या दिनदर्शिकेचे पाठकोरे पान घेतले. काम लेखी असल्याशिवाय स्वीकारायचे नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना हात लावायचा नाही. झोपलेल्या माणसावर वार करायचा नाही. देवळात रक्त सांडायचे नाही. जीव गेला तरी गिऱ्हाइकाचे नाव सांगायचे नाही. दोन्ही बाजूंचे पैसे घ्यायचे नाहीत. काम झाले की पावती द्यायची. आणि चुकून भलताच माणूस मेला तर पैसे परत करायचे. त्या पानावर ‘काम’ हा शब्द सोळा वेळा आला होता. ‘मारणे’ हे क्रियापद एकदाही नव्हते. मी ते त्यांना दाखवले तेव्हा त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटले, कारण शब्द गाळायचा असे त्यांनी काही ठरवलेले नव्हते.

हे गाळणे मुलांच्या कथेपुरते नाही, म्हणून त्यावर थोडे थांबते. वाटसरूंचे गळे आवळून लुटणाऱ्या, एकोणिसाव्या शतकातील ठगांच्या जबान्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवल्या आहेत. त्यांत गळ्याला रुमाल आवळण्याचा इशारा तंबाखू मागण्याच्या साध्या वाक्यातून दिला जाई, असे आढळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या शत्रूचा गुपचूप काटा काढण्याला ‘उपांशुदंड’ म्हटले आहे. त्यात दंड आहे, म्हणजे शिक्षा आहे, आणि शिक्षा म्हटली की समोरचा माणूस आपोआप अपराधी ठरतो. आमच्या मुंबई-ठाण्याच्या बोलीत ‘गेम केला’ म्हणतात. आणि सगळ्यांत जवळचा शब्द ‘सुपारी’. आपल्या पूजेत सुपारीचा गणपती मांडतात, लग्नकार्यात ती मानाने देतात, तमाशाच्या फडाला किंवा बँडवाल्याला बोलावणे पक्के करताना ‘सुपारी दिली’ असे आजही म्हणतात. अवघड कामगिरी अंगावर घेणाऱ्याने दरबारात विडा उचलायचा, ही प्रथाही त्याच तबकातली. 1659 मध्ये अफजलखानाने आदिलशाही दरबारात विडा उचलल्याचे आपण सारे शाळेत शिकलो आहोत. इतक्या मानाचा, इतका मंगल शब्द पैसे घेऊन केलेल्या खुनाला चिकटला, आणि आता वर्तमानपत्रात तो वाचताना आपल्याला काही खटकतही नाही. मारेकऱ्यांच्या कोणत्याही संहितेचा पहिला नियम कागदावर लिहिलेलाच नसतो. तो भाषेत आधीच पाळलेला असतो.

आता पावतीविषयी. मुलांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीचे एक जुने पावतीपुस्तक मिळवले, मंडळाचे नाव शाईने खोडले आणि खजिनदार झालेला आठवीतला मुलगा कार्बन घालून कथेतल्या प्रत्येक कामाची पावती फाडू लागला. त्याचे अक्षर सुरेख आहे. ‘श्री. अमुक यांजकडून रोख मिळाले, कामाबद्दल, दिनांक, सही.’ पाचव्या प्रकरणात पेढीच्या नवशिक्या माणसाने अंधारात चुकीच्या माणसाला मारले. आठव्या नियमाप्रमाणे पैसे परत करायचे ठरले, आणि त्याने तशी नोंद करायला पावतीपुस्तक उघडले. तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “पैसे परत, पण कुणाला?” तो म्हणाला, “गिऱ्हाइकाला. काम झालं नाही ना त्याचं.” ती म्हणाली, “आणि जो मेला, त्याच्या घरी?” मग तिने पावती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मला म्हणाली, “बाई, यावर मेलेल्या माणसाचं नाव लिहायला जागाच नाही.”

मी ती पावती जपून ठेवली आहे. तिच्यात देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याची सही आहे, आकडा आहे, अक्षरी रक्कम आहे. ज्याच्यामुळे हा सारा व्यवहार झाला तो माणूस तिच्यात कुठेच नाही. आमच्या पत्रलेखक पालकांना जी गोष्ट मुलांना कधी दिसणार नाही असे वाटते, ती एका चौदा वर्षांच्या मुलीला वर्गणीच्या पावतीवर दिसली. आणि ती दिसली कारण नियमावली लिहून समोर ठेवलेली होती.

त्या दिवशी पुढचे प्रकरण लिहिले गेले नाही. मुलांनी आठही नियम पुन्हा वाचले आणि कोणता नियम कोणाला सांभाळतो ते पाहिले. लेखी कामाचा नियम पेढीला सांभाळतो. नाव न सांगण्याचा गिऱ्हाइकाला. दोन्हीकडून पैसे न घेण्याचा पेढीच्या नावलौकिकाला. पावती दोघांनाही. राहिले ते मुले, गरोदर बायका, झोपलेला माणूस आणि देऊळ यांविषयीचे नियम. हे तरी मरणाऱ्यासाठी आहेत ना, असे एका मुलाने अगदी आशेने विचारले. तेव्हा मी त्यांना इतिहास सांगायला घेतला, कारण हे नियम खऱ्या माणसांवर लावून पाहिले की त्यांचे खरे रूप कळते.

काम लेखीच घ्यायचे, या नियमासाठी लांब जावे लागले नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. करणारे गारदी, म्हणजे पगारी शिपाई. त्यांचा पगार थकला होता आणि त्यांना फितवण्यात आले होते. ‘नारायणरावास धरावे’ असा लेखी हुकूम होता आणि त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ झाला, असे परंपरा सांगते. तो बदल कोणी केला यावर इतिहासकारांनी बरीच चर्चा केली आहे. त्या वादात मी शिरत नाही. मला मुलांना एवढेच दाखवायचे होते की लेखी हुकमाचा नियम पाळला गेला होता आणि घात त्या कागदावरच झाला. अठरा वर्षांचा तो पेशवा धावत जाऊन काका राघोबादादांच्या कमरेला मिठी मारून बसला. सेवक चापाजी टिळेकर याने त्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले आणि तोही मारला गेला. कोणताही दंडक मध्ये आला नाही. दंडक आला तो नंतर, आणि तो गारद्यांचा नव्हता: न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. चापाजी आणि रामशास्त्री या दोघांची नावे आपल्याला अडीचशे वर्षांनंतर आठवतात ती याच कारणाने, असे मला वाटते.

देवळाच्या नियमाची कथा तर आमच्या ठाण्याच्या किल्ल्याशीच जोडलेली आहे आणि ती मुलांना ठाऊक नव्हती. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हे पेशवे आणि गायकवाड यांच्यातील जुना हिशेब मिटवण्यासाठी पुण्यास आले होते. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती, म्हणजे कंपनी सरकारचा शब्द त्यांच्या पाठीशी होता. 1815 च्या जुलैत दुसऱ्या बाजीरावाबरोबर ते आषाढीच्या सुमारास पंढरपुरास गेले. प्रकृती बरी नसल्याने संध्याकाळी देवळात यायला त्यांनी आधी नकार दिला. पुन्हा आग्रहाचे बोलावणे आले तेव्हा ते गेले. विठ्ठलाचे दर्शन घेतले, मंडळींशी बोलले आणि मुक्कामाकडे परत निघाले असता वाटेत मागून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना तलवारीने तोडले. आमच्या मुलांच्या नियमाप्रमाणे पाहिले तर देवळात रक्त सांडले नाही. नियम जसाच्या तसा पाळला गेला. हे सांगितले तेव्हा खजिनदार मुलगा बराच वेळ खाली मान घालून बसला होता.

या खुनाचा आरोप पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. पुणे दरबारातील इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, एल्फिन्स्टनने त्यांना ताब्यात देण्याचा आग्रह धरला आणि 1815 च्या सप्टेंबरात त्यांना इंग्रजांच्या हवाली करून ठाण्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतलेला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलेला आणि 1774 च्या अखेरीस इंग्रजांकडे गेलेला हा किल्ला. आज तिथेच ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे आणि कोर्ट नाक्याकडे जाताना आपण रोज त्याच्या भिंतीजवळून जातो. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई होते, त्यांना मराठी येत नव्हते. खिडकीखाली घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार काम करता करता गाणे म्हणे आणि गाण्यातून त्रिंबकजींना सुटकेचा बेत कळवी, असे सांगतात. एक वर्षाने, 1816 च्या सप्टेंबरात, त्रिंबकजी निसटले. या प्रकरणाने पेशवाईच्या गळ्याभोवतीचा फास आवळत गेला. जून 1817 च्या पुणे तहात पेशव्यांना पुष्कळ काही गमवावे लागले आणि पुढच्याच वर्षी राज्य गेले. मोतद्दाराच्या गाण्याची गोष्ट मुलांना सर्वांत जास्त आवडली, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्याच मुलीने तेव्हाही विचारले की पंढरपुरात वार करणाऱ्यांची नावे काय होती. शास्त्रीबोवांचे नाव आपल्याला माहीत आहे, ज्याच्यावर आळ आला त्याचे माहीत आहे, साहेबाचे माहीत आहे. हत्यार चालवणारे हात मात्र लोकांच्या आठवणीत बिनचेहऱ्याचे राहिले. कथांमधील पेढी या बिनचेहऱ्याच्या माणसांना चेहरा देते, काळा पोशाख देते, रुबाब देते. मुलांना ओढ वाटते ती त्याचीच.

अशा पेढ्या इतिहासात खरोखर होत्या, असे पालकांनी आपल्या पत्रात ओघात म्हटले आहे, त्याविषयीही लिहिणे आवश्यक आहे. या कथांचे मूळ बहुतेक वेळा इराणच्या अलामूत किल्ल्यात शोधले जाते. हसन-ए-सब्बाह या निझारी इस्माइली, म्हणजे शिया मुसलमानांतील एका पंथाच्या, पुढाऱ्याने तो किल्ला 1090 मध्ये घेतला. 1092 मध्ये सेल्जुक साम्राज्याचा वजीर निझाम-उल-मुल्क याला सूफीच्या वेषात आलेल्या माणसाने भोसकले. 1256 मध्ये हुलागूच्या मंगोल फौजेपुढे अलामूत पडले. त्यांचे मारेकरी स्वतःला फिदाई म्हणवत, म्हणजे प्राण ओवाळून टाकणारे. आपण मराठीत ‘फिदा झालो’ म्हणतो तो शब्द त्याच मुळातून आलेला आहे. पंथाच्या रक्षणासाठी आणि राजकारणासाठी ते मारत. येईल त्या गिऱ्हाइकाचे काम घेणारी ती पेढी नव्हती. त्यांना हशीश पाजून मारायला पाठवत ही प्रसिद्ध कहाणी त्यांच्या विरोधकांनी आणि प्रवाशांनी पसरवली. अलामूतचे ग्रंथालय मंगोलांच्या स्वारीत जाळले गेले. इतिहासकार जुवैनी याने स्वतः ते ग्रंथ पाहिले, काही निवडून वाचवले आणि बाकीचे आगीत घातले. त्यामुळे या लोकांविषयी आपण जे वाचतो त्यातले पुष्कळसे शत्रूच्या लेखणीतून उतरलेले आहे. वाचनालयाच्या कपाटांना कुलपे लावण्याची मागणी वाचताना मला ही गोष्ट आठवल्यावाचून राहिली नाही.

ठगांचे दंडक मात्र खरोखर नोंदलेले आहेत. 1835 मध्ये ठगांच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र खाते सुरू झाले आणि स्लीमन हा इंग्रज अधिकारी त्याचा प्रमुख झाला. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गुन्ह्यासाठी जन्मठेप ठेवण्यात आली. इंग्रजांनी रंगवलेले ठगांचे चित्र कितपत विश्वासार्ह आहे याबद्दल अभ्यासकांनी रास्त शंका घेतल्या आहेत, आणि त्या मुलांना सांगायलाच हव्यात. पण माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतली एक गोष्ट फार बोलकी आहे. बायकांना मारायचे नाही हा आपला नियम आपण मोडला, म्हणून देवीचा कोप झाला आणि आपण पकडले गेलो, असे त्यांतले काही जण सांगतात. ज्या बायकांना मारले त्यांचे दुःख त्यांच्या बोलण्यात नाही. नियम मोडल्याने धंदा बुडाला याचे दुःख आहे. आमच्या मुलांच्या आशेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडले. मुलांना, बायकांना हात न लावण्याचा नियमसुद्धा मरणाऱ्यासाठी नसतो. आपण अगदीच हीन नाही, एवढे मारणाऱ्याला स्वतःला सांगता यावे म्हणून तो असतो. कौटिल्य या बाबतीत जास्त सरळ होता. पैशासाठी हत्तीशी किंवा हिंस्र पशूशी झुंजायला तयार होणारा, जिवावर उदार झालेला माणूस तो ‘तीक्ष्ण’, आणि आप्तांविषयी माया नसलेला, क्रूर व आळशी माणूस तो विष देणारा ‘रसद’, अशी त्याने आपल्या हेरांची वर्णने केली आहेत. ही माणसे त्याने वापरायला सांगितली, पण त्यांना इभ्रतीची झूल पांघरली नाही.

याच ठिकाणी एका मुलाने असा प्रश्न केला की ज्याची मला अपेक्षा असायला हवी होती आणि नव्हती. तो म्हणाला, “बाई, मग अनंत कान्हेऱ्यांनीही मारलंच ना?” 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे कान्हेरे, आणि त्यांच्याबरोबर कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे, यांना 19 एप्रिल 1910 रोजी याच ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले; तेव्हा कान्हेरे अठरा वर्षांचे होते. त्यांचे नाव आमच्या कल्पित पेढीच्या शेजारी लिहिताना माझा हात अडखळतो, पण मुलाने प्रामाणिकपणे विचारले होते आणि त्याला उत्तर देणे भाग होते. मी म्हटले की तिथे गिऱ्हाईक नव्हते, मोबदला नव्हता आणि पळून जाण्याची वाटही राखलेली नव्हती. जी किंमत होती ती त्यांनी स्वतःच्या जिवाने चुकवली, आणि आपण काय केले हे त्यांनी ‘काम’ म्हणून झाकले नाही. तो मुलगा म्हणाला की तरीही प्रश्न उरतोच. मी म्हटले, उरू दे. माझ्या मते हिंसेचा कोणताही प्रश्न चौदाव्या वर्षी पुरता मिटू नये.

पालकांच्या पत्रातील एका गोष्टीशी मी पूर्ण सहमत आहे. खुनी माणसाला इमानदार ठरवण्याची सवय खरोखर घातक आहे. पण ती मुलांनी पुस्तकातून उचललेली नाही. नव्वदीच्या दशकात ठाण्याच्या लोकलमध्ये, नाक्यावर, लग्नाच्या पंगतीत मी स्वतः कितीतरी वेळा ऐकले आहे की अमुक भाई तत्त्वाचा माणूस, गरिबाला त्रास देत नाही, बायकापोरांना हात लावत नाही. हे सांगणारे कोणी गुंड नव्हते. बँकेत, कचेरीत नोकरी करणारी, संध्याकाळी शुभंकरोति म्हणायला लावणारी आमच्यासारखीच माणसे होती, आणि मुले शेजारी बसून ऐकत होती. तो तत्त्वाचा गोडवा किती पोकळ होता हे आपल्या व्यवसायाला मी सांगण्याची गरज नाही: 11 जून 2011 रोजी पवईत ज्योतिर्मय डे या पत्रकाराला मोटारसायकलींवरून आलेल्या मारेकऱ्यांनी दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या, आणि 2018 मध्ये विशेष न्यायालयाने छोटा राजन व इतर आठ आरोपींना जन्मठेप सुनावली. डे यांनी काय केले होते? लिहिले होते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्ये संघटित गुन्ह्यांच्या यादीत पैसे घेऊन केलेल्या हत्येचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याने शब्द गाळलेला नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. घराघरांतल्या आमच्या बोलण्यात मात्र तो अजून गाळला जातो, आणि त्याला कोणते कुलूप लावायचे हे पत्रलेखकांनी सांगितलेले नाही.

कल्पित पेढीच्या कथेची ताकद मला या जागी दिसते. रस्त्यावरचा भाई आपले नियम लिहून देत नाही, म्हणून ते तपासता येत नाहीत. कथेतली पेढी ते कागदावर मांडते. चांगला लेखक तिथे थांबत नाही, तो एका नियमाची दुसऱ्याशी टक्कर लावतो, आणि अशा कथेतले सारे नाट्य त्या टक्करीतूनच निर्माण होते. सुमार लेखक नियमांचा नुसता रुबाब दाखवतो. दोन्ही प्रकारची पुस्तके आमच्या मुलांनी वाचली आहेत, आणि त्यांतला फरक त्यांना आता माझ्यापेक्षा लवकर कळतो.

पावतीच्या त्या रविवारनंतर मुलांनी नववा नियम लिहिला: ज्याच्या नावाने काम आले असेल त्याला आधी बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे. नियम लिहून झाल्यावर पाच-दहा मिनिटे मोठा उत्साह होता. कोणी ऐकायचे, साक्षीदार आणायचे का, गिऱ्हाइकालाही समोर उभे करायचे का, असे एकेक प्रश्न निघत गेले. मग सगळ्यांत लहान मुलगा म्हणाला, “बाई, पण मग हे कोर्ट झालं.” कोणीच काही बोलले नाही. दिनदर्शिकेच्या पाठीवर त्यांनी नववा नियम खोडला नाही, पण त्याच्या खाली दहावा लिहिताही आला नाही, कारण त्या नियमाबरोबर पेढीच शिल्लक राहत नव्हती.

कथा मात्र त्यांनी सोडलेली नाही. पेढीचा एक वयस्क कारकून आहे. चुकीच्या माणसाच्या खुनाचे पैसे गिऱ्हाइकाला परत नेऊन देण्याचे काम त्याच्याकडे आले. तो किल्ल्यातून बाहेर पडला, तलावाला वळसा घातला आणि गिऱ्हाइकाकडे न जाता चरईतल्या एका जुन्या वाड्याकडे वळला. तिथे त्या मेलेल्या माणसाची आई राहते. हे वळण त्या नववीतल्या मुलीने सुचवले आणि बाकीच्या सातांनी ते मान्य केले.

आपल्या दैनिकामार्फत त्या पालकांना माझी विनंती आहे की त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन नौपाड्यात यावे. पत्ता आपल्या कार्यालयाकडे कळवून ठेवत आहे. त्यांच्या आक्षेपांचे मुले मनापासून स्वागत करतील, आणि सध्या आम्हाला मदतीची गरजही आहे. गेले तीन रविवार आम्ही एकाच परिच्छेदापाशी अडलो आहोत. कारकुनाने कडी वाजवली आहे, दार उघडले आहे, ती बाई उंबऱ्यात उभी आहे, कारकुनाच्या एका हातात पैशांची थैली आहे आणि दुसऱ्या हातात ते पावतीपुस्तक. त्याने पहिले वाक्य काय बोलावे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)